टाकीला काय लावू?

टाकी गळायला लागली की साबण लावायचा, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही. गाडी आली की ते आपसूक यायचं. टपरीवरून साबणाची वडी घ्यायची (अंगाचा साबण की कपड्याचा, यावरून मेकॅनिक लोकांत दोन घराणी होती) आणि पत्र्यातून जिथे पेट्रोल पाझरतंय तिथे ती कोरडीच घासायची. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एवढंच त्यामागचं रसायनशास्त्र. ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही. साबणाच्या भरवशावर माणसं मिरजेहून पंढरपूरला जाऊन आली आहेत. पावसाळ्यात साबण वाहून जाई, तेव्हा एम-सील. दोन रंगांच्या कांड्या मळून एकरंगी गोळा करायचा, टाकीच्या पोटाला थापायचा आणि वरून अंगठ्याने दाबायचा. जुन्या राजदूतची टाकी उलटी करून पाहिली, तर तिच्यावर सगळ्या आजी-माजी मालकांचे अंगठे सापडत. सातबाऱ्यावरसुद्धा इतकी स्वच्छ नोंद नसते.

टाकी ही तेव्हा गाडीवर बसायची पहिली जागा होती. घरातलं सगळ्यात लहान पोर टाकीवर, त्याच्यामागे वडील, आणि उरलेलं कुटुंब मागच्या जागेत जसं मावेल तसं. टाकीवर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवलेला असे. टाकीला रेक्झिनचं कव्हर, कव्हरला खिसा, खिशात पीयूसी सोडून बाकी सगळे कागद. वर एक चुंबकाचा गणपती. पेट्रोल किती उरलंय ते कळायला काटा नसायचा; गाडी दोन मांड्यांत धरून हलवायची आणि कान द्यायचा. खळखळाट मोठा म्हणजे पेट्रोल थोडं.

माझी उभी नोकरी वीज खात्यात लाइनवर फिरण्यात गेली. त्यामुळे गळती हा माझा पोटापाण्याचा विषय. कुठलीही गळती दिसली की मी खिशातून पेन काढतो.

ही सगळी विद्या घेऊन मी कोलोरॅडोत उतरलो. आमचा मुलगा डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतो. त्याच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे. तिकडच्या रीतीप्रमाणे दोन्ही गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या असतात आणि गॅरेजमध्ये घरात न मावलेलं घर असतं. त्या पसाऱ्याच्या मधोमध त्याची मोटरसायकल. होंडाची एक्सआर 400 आर. हे मॉडेल 1996 ते 2004 पर्यंत निघालं. हवेवर थंड होणारं एकच सिलिंडर, कार्ब्युरेटर आणि चालू करायला फक्त किक. बटण नाही, बॅटरीचा भरवसा नाही, मीटर म्हणावं असं काही नाही. डोंगरातल्या पायवाटांवर हुंदडण्यापुरतीच ही गाडी. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. म्हणजे तिला डोंगरापर्यंत पोहोचवायला एक पिकअप ट्रक बाळगावा लागतो. मोटरसायकल ही माणसाला कुठेतरी न्यायला असते, अशी माझी समजूत होती. इथे आधी माणूस मोटरसायकलला नेतो.

मला मात्र गाडी पाहताक्षणी आवडली. किक आणि कॉक दोन्ही आपल्या ओळखीचे. कॉकवर तीच तीन घरं: ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. चेतकवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला परदेशात आणखी काय हवं? मी कौतुकाने टाकीवर बोटाने टिचकी मारली. टण् ऐवजी बद् आवाज आला.

“प्लॅस्टिक आहे, बाबा,” मुलगा म्हणाला.

“टाकी? प्लॅस्टिकची?”

“ट्रेलच्या गाड्यांना तीच बरी. पडली तरी पोचा येत नाही.”

हे खरं होतं. पोचा आला नव्हता, तडा गेला होता.

डाव्या अंगाला, पेट्रोल कॉक जिथे दोन बोल्टांनी बसतो, तिथे प्लॅस्टिकमध्ये पितळेची आटे पाडलेली बुशं ओतलेली असतात. त्यातल्या एका बुशापासून केसाएवढी चीर निघून चार बोटं वर गेली होती. थेंब पडत नव्हता. मी चष्मा पुसून, बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. चिरेच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. मूळ पेट्रोल उडून गेलं होतं आणि त्याची चिकट राळ मागे राहिली होती. अंगठ्याने जरा दाबलं की चीर मिटे. सोडलं की ओठ विलग होत आणि त्यातून एक ओलसर चमक बाहेर येई. तिचा थेंब होण्याआधीच ती उडून जाई. म्हणूनच गॅरेजमध्ये खाली डाग नव्हता, पण सूनबाईचं डोकं महिनाभर दुखत होतं आणि तिने उगाच चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता.

कारण उघड होतं. आधीच्या कुठल्यातरी मालकाने कॉकचे बोल्ट पिळले होते. पत्र्याला पिळणं खपतं. प्लॅस्टिकला मात्र तो ताण आत साठवून ठेवायची खोड आहे. मग त्यात कोलोरॅडोचं ऊन. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर आहे. एवढ्या उंचीवरचं ऊन माणसाची कातडी सोलतं, तिथे प्लॅस्टिकचं काय घेऊन बसलात! पंचवीस वर्षांपूर्वी पांढरीशुभ्र असलेली टाकी आता जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची झाली होती.

“साबण आण,” मी म्हणालो.

मुलाने वाद न घालता पंपाची बाटली आणून दिली. त्या घरात वडीचा साबण नाही. सगळे साबण पातळ, आणि प्रत्येकाला लॅव्हेंडरचा वास. शेवटी आमच्या हिच्या बॅगेत दिवाळीसाठी म्हणून आणलेली उटण्याची पाकिटं आणि त्यांच्यासोबतचा मोती साबण निघाला. मी तो चिरेवर घासला. पत्र्यावर साबण कसा बसतो, थर धरतो. इथे तो नुसता घसरला. वर बसला असं वाटलं, तोवर नखाने टिचकी मारताच अख्खी खपली निघून आली. खालची चीर जशीच्या तशी, वर आणि सुवासिक.

मग एम-सील. डेन्व्हरमध्ये भारतीय किराणा दुकानात गोडा मसाला मिळतो, एम-सील मिळत नाही. मुलाने तिकडचा त्याच जातीचा पुट्टी-प्रकार आणला. मी मळला, थापला, अंगठा उमटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्यासकट तो गोळा खाली पडलेला होता.

“चिकटायचा नाही, बाबा. पॉलिएथिलीन आहे ते.”

पॉलिएथिलीनचा शोध 1933 साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघाताने लागला. करायला गेले भलतंच आणि भांड्यात उरला मेणचट पांढरा पदार्थ. हा पदार्थ कुणाशीच संबंध ठेवत नाही. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी की पाणी त्याच्यावर पसरत नाही, रंग बसत नाही, गोंद धरत नाही. पेट्रोल ठेवायला तो निवडला तो याच गुणासाठी. पेट्रोल भल्याभल्यांना विरघळवतं, याचं मात्र काही बिघडवू शकत नाही. मी विचार केला आणि माझ्या एकदम लक्षात आलं: आपला पांढरा गोंद ज्या बाटलीत येतो ती बाटली याच घराण्यातली. म्हणून तर गोंद स्वतःच्या बाटलीला चिकटत नाही. आयुष्यभर शाळेच्या प्रकल्पांना, लग्नपत्रिकांना आणि चपलांना गोंद लावला, पण ही शंका कधी मनात आली नव्हती.

एकेक करून सगळं फिटलं. रंग नाही, या टाक्यांना रंग देत नाहीत, रंग प्लॅस्टिकच्या अंगातच मिसळलेला असतो. म्हणजे ‘आईचा आशीर्वाद’ बाद. चुंबक नाही, गणपती बाद. स्टिकरसुद्धा नाही. स्टिकर लावला तर चिकटतो, पण काही महिन्यांत त्याला फोड येतात. याचं कारण मुलाने सांगितलं ते ऐकून मी सरळ होऊन बसलो. पेट्रोलची वाफ टाकीच्या भिंतीतून बाहेर येते. भोक नसताना, चीर नसताना! भिंतीच्या आरपार, अतिशय सावकाश, पण अखंड. ती स्टिकरखाली अडकते आणि स्टिकर फुगतो. म्हणून जाणते लोक स्टिकरला सुईने बारीक भोकं पाडून ठेवतात.

म्हणजे धडधाकट टाकीसुद्धा गळते! आमच्या खात्यात याला ‘तांत्रिक हानी’ म्हणतात. चोरी नाही, आकडा नाही, तार जाग्यावर आहे, तरी वीज कमी पोहोचते. अमेरिकी सरकारने या हानीवरही बोट ठेवलंय. 2008 च्या मॉडेलांपासून ट्रेल-गाड्यांच्या टाकीच्या भिंतीतून दिवसाला एका चौरस मीटरमागे दीड ग्रॅमपेक्षा जास्त इंधन पाझरता कामा नये, असा नियम आहे. दीड ग्रॅम! मी मुलाला म्हटलं, आमच्याकडे एका फीडरवर याहून जास्त पाझरत होतं आणि त्याचं मोजमापही नव्हतं. आमच्या गाडीचा जन्म नियमाआधीचा, त्यामुळे तिला पाझरायला कायद्याने मोकळीक होती.

आता उरलं वेल्डिंग. पूर्वी आमच्या गल्लीत बादल्या सांधणारा माणूस येई. एक लोखंडी पट्टी स्टोव्हवर लालबुंद करायची, तडा गेलेल्या बादलीच्या कडा वितळवायच्या आणि वर दुसऱ्या बादलीचा तुकडा डागायचा. बादली हिरवी असेल तर ठिगळ लाल, हे ठरलेलं. पाच मिनिटांत बादली उभी. तो माणूस हे सगळं विडी ओढत करी. मुलाने याच विद्येचे अमेरिकी व्हिडिओ पाहिले होते. पट्टीऐवजी विजेवरचं सोल्डरिंग आयर्न, बाकी तेच. पण पंचवीस वर्षं पेट्रोल पिऊन ज्या प्लॅस्टिकच्या भिंतीच पेट्रोलमय झाल्यात, त्यांना सांधा धरत नाही, काही दिवसांत उकलतो. शिवाय रिकाम्या टाकीत पेट्रोल नसतं, वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ जास्त वाईट. आपल्याकडे पत्र्याची टाकी डागायला दिली की गॅसवेल्डिंगवाला आधी तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरतो. जो भरत नाही, त्याच्या दुकानाला छप्पर नवीन असतं.

तेव्हा नवी टाकी.

मूळ टाकी नवी कुठे मिळेना. जुनी मिळे, पण ती या टाकीच्याच वयाची, म्हणजे दुसऱ्याच्या घरची चीर विकत आणल्यासारखं. मात्र तिकडे एक अजब धंदा आहे. गाडी कुणी बनवायची आणि टाक्या भलत्याच लोकांनी. इटलीत एक कारखाना आहे, कॅलिफोर्नियात आहे, ओरेगॉनमध्ये आहे. वीस-तीस वर्षं जुन्या गाड्यांच्या प्लॅस्टिक टाक्या ते अजून काढतात. पोकळ साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालायची, साचा भट्टीत दोन्ही अंगांनी गरगर फिरवत ठेवायचा, भुकटी वितळून आतल्या बाजूने सगळीकडे सारखी लिंपली जाते, मग तसाच फिरवत गार करायचा. गार होताना ती आकसते. किती आकसेल हे तिचं तीच ठरवते. या टाक्या बहुतेक वेळा क्रॉस-लिंक्ड पॉलिएथिलीनच्या असतात. म्हणजे भट्टीत प्लॅस्टिकच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जातात आणि मग पुन्हा वितळत नाहीत. उकडलेलं अंडं कितीही तापवलं तरी परत कच्चं होत नाही, तसं. म्हणजे उद्या हिलाही चीर गेली तर बादलीवाला स्वर्गातून खाली उतरला तरी उपयोग नाही.

किंमत अडीच-तीनशे डॉलर. मी रुपयांत मांडली आणि त्या किमतीत मी कुठल्या साली कुठली नवी कोरी गाडी घेतली होती ते सांगितलं. हे मुलाने इतक्या वेळा ऐकलंय की साल त्यानेच सांगितलं.

खरा प्रश्न आकाराचा होता. मूळची टाकी साडेनऊ-एक लिटरची. नवी चार गॅलनची, म्हणजे पंधरा लिटरची. एवढं पेट्रोल घेऊन जायचंय कुठे, हा माझा प्रश्न. तर बाहाच्या वाळवंटात लोक जातात, असं शेजारच्या आजोबांचं उत्तर. हे आजोबा सत्तरीचे, रोज संध्याकाळी हातात बिअरचा डबा घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहतात, आत पाऊल टाकत नाहीत. मेक्सिकोतल्या बाहाच्या द्वीपकल्पावर 1967 पासून हजार मैलांच्या आसपासची शर्यत होते आणि तिथे होंडाच्या एक्सआर घराण्याने चांगलं नाव काढलंय. आजोबा त्या शर्यतीला गेलेले नाहीत. मुलगाही जाणार नाही. पण ज्या टाकीने बाहा पार करता येतं, तिच्यापेक्षा कमी टाकी घेणं दोघांनाही कमीपणाचं वाटलं. पंधरा लिटर ठरलं.

इथे इथेनॉलबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. मी सांगली जिल्ह्यातला. मुलगा म्हणाला, तिकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते मक्याचं. मी म्हटलं, आमच्याकडे आता वीस टक्के, आणि त्यात आमच्या उसाचा वाटा आहे. एवढं बोलून मी ज्या अभिमानाने पाहिलं, तो अभिमान मला उसाच्या भावाबद्दल कधीच वाटला नव्हता. त्या चिरेला इथेनॉल जबाबदार असेल का, हा माझा संशय मात्र टिकला नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नायलॉनच्या टाक्यांना त्यामुळे सूज येते. काही महागड्या इटालियन मोटरसायकलींच्या टाक्या अशा फुगल्या की चौकटीवर परत बसेनात आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. पॉलिएथिलीनला त्याचं फारसं काही होत नाही. त्याला इथेनॉलही चिकटत नाही.

टाकी भल्यामोठ्या खोक्यातून आली. पांढरी, अर्धपारदर्शक. आमची ही बघायला आली.

“अहो, पाणी भरून ठेवायला आणलंय का? झाकण चांगलं मोठं आहे, हात जाईल आत.”

“टाकी आहे ती गाडीची.”

“आणि जुनीचं काय करणार? तिच्यात मी कढीपत्ता लावते. खाली भोक आहेच.”

जुनी काढायला दहाचा पाना आणि थोडा वेळ लागला. नवी बसवायला रविवार गेला. टाकी ही वरवर स्वतंत्र वस्तू वाटते, पण सगळ्या गाडीला तिचं काहीतरी देणं असतं. या गाडीचं इंजिन ऑईल वेगळ्या पेटीत नसून चौकटीच्या नळीत असतं, आणि त्याची पट्टी तपासायचं झाकण ऐन टाकीच्या नाकासमोर. नवी टाकी रुंद. ते झाकण टाकीला खेटून फिरेना. आकसताना नवीने तिथे थोडं जास्तच अंग धरलं होतं. मागचं भोक सीटच्या बोल्टला दोन सूत चुकलं होतं. मुलगा कानशीने एकेक फेर मारून परत बसवून पाहत होता. हँडल वळवलं की क्लचची केबल टाकीवर घासत होती. ती वळवून दुसऱ्या बाजूने काढली. झाकणातून एक बारीक नळी निघते, टाकीत हवा जायला. तिचं दुसरं टोक हँडलच्या मधल्या नटाच्या भोकात खोचायचं. ही नळी कुठे खोचायची हे मी सांगितलं, कारण हवा न मिळाल्याने बंद पडणाऱ्या गाड्या मी आयुष्यभर झाकण सैल करून चालवल्या आहेत.

कॉक मात्र जुनाच बसवायचा. त्याचा ओ-रिंग मुलाने नवा आणला, बोल्टना फायबरचे वायसर लावले, आणि पाना हातात घेतला. मी श्वास रोखून बसलो. एका बोटाने घट्ट, वर थोडासा फेरा, बस. त्याने पाना खाली ठेवला आणि मला म्हणाला, “बघा बरं.” मी बोल्टला हात लावला नाही. आमच्या पिढीच्या हाताला बोल्ट दिसला की पिळायची सवय आहे, आणि त्या जुन्या टाकीचं काय झालं ते मी जवळून पाहिलं होतं.

पेट्रोल आणायला पंपावर गेलो तेव्हा मुलाने लाल कॅन ट्रकमधून उतरवून जमिनीवर ठेवला आणि मगच भरला. ट्रकच्या प्लॅस्टिकच्या तळावर ठेवून भरला तर घर्षणाने साचलेला विद्युतभार जायला वाट मिळत नाही आणि ठिणगी पडू शकते. अर्थिंग! परक्या देशात, परक्या माणसांच्या गर्दीत, आपल्या खात्यातलं कुणी भेटावं तसा आनंद मला झाला. पंपावरचे सगळेच जण कॅन जमिनीवर ठेवत होते. आमच्या काही सबस्टेशनांपेक्षा तिथलं अर्थिंग चांगलं होतं.

टाकीत एक लिटर ओतून, खाली स्वच्छ पुठ्ठा पसरून गाडी रात्रभर ठेवली. सकाळी पुठ्ठा कोरडा. सूनबाईने गॅरेजमध्ये येऊन श्वास घेतला आणि काही न बोलता गेली, हा आयएसओचा दाखला समजायचा.

आता पूजा. आमची ही म्हणाली, नवा भाग बसवलाय, नुसता कसा चालवणार? मुलगा हसला, पण नाही म्हणाला नाही. तिने पाण्यात कालवलेल्या कुंकवाने टाकीवर स्वस्तिक काढलं. ते काढताकाढताच त्याचे थेंब झाले. ओळीने पाच-सहा लाल मणी टाकीवर उभे राहिले आणि एकेक करून खाली ओघळले.

“काही चिकटत नाही याला,” मी सांगितलं. आता मी त्या विषयातला जाणकार होतो.

ती आत गेली आणि हळद तेलात कालवून घेऊन आली. एका बोटाने स्वस्तिक काढलं, दोन टिकल्या दिल्या, नारळ नव्हता म्हणून लिंबू ठेवलं. संध्याकाळी मुलाने ओल्या फडक्याने पुसलं. मग साबणाच्या पाण्याने, मग त्याच्याकडच्या तीन निरनिराळ्या बाटल्यांमधल्या द्रवांनी. तेल गेलं. हळद गेली नाही. पांढऱ्या टाकीवर पिवळं स्वस्तिक स्वच्छ उमटून बसलं होतं. प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा भाजी दिली की डबा जन्माचा पिवळा होतो, हे जिला माहीत होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी रॅम्पार्ट रेंजला गेलो. सेडेलिया गावापासून वर, पाइक नॅशनल फॉरेस्टमध्ये, मोटरसायकलींसाठी आखलेल्या वाटांचं जाळं आहे. जमीन म्हणजे झिजून भुगा झालेला ग्रॅनाइट. पाय ठेवला की सरकतो. मी पार्किंगमध्ये घडीच्या खुर्चीवर, थर्मास घेऊन. सोबत शेजारचे आजोबा, स्वतःची खुर्ची घेऊन. मुलगा एक फेरी मारून आला, दुसरी मारून आला, आणि तिसऱ्या फेरीत पार्किंग दिसायला लागलं तिथेच गाडी फडफडून बंद पडली. कॉक रिझर्व्हला टाकला, तरी नाही. किकवर किक. त्याने हवेची नळी फुंकून पाहिली, प्लग काढून पाहिला, मोबाइल काढून पाहिला.

मी चालत गेलो. पांढऱ्या टाकीचा तो एक मोठाच फायदा. कान द्यावा लागत नाही, डोळ्यांनी दिसतं. मोठ्या टाक्या चौकटीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या असतात, आणि मधून चौकटीची नळी जाते. उजव्या पोटात तळाशी चांगलं तीन बोटं पेट्रोल होतं. डावं पोट कोरडं. आणि कॉक डावीकडे.

“आडवी कर,” मी म्हणालो.

“काय?”

“डाव्या अंगावर आडवी कर. पूर्ण.”

त्याने केली. उजवीकडचं पेट्रोल मधल्या उंचवट्यावरून डावीकडे गळगळ करत उतरलं. टाकीच्या आत त्याची कड सरकताना स्पष्ट दिसत होती. गाडी उभी केली, एक किक, चालू. आजोबांनी मागून टाळ्या वाजवल्या. चेतकवाल्या घरात जन्मलेल्या पोराने गाडी आडवी करायची विद्या विसरावी याचं मला वाईट वाटलं, पण चेतक विकली तेव्हा तो टाकीवर बसायच्याही वयाचा नव्हता, आणि चेतकला तशी टाकीवर बसायची सोयही नव्हती.

जुन्या टाकीचा प्रश्न राहिला. कचऱ्याची गाडी ती घेईना, कारण पेट्रोलची टाकी. प्लॅस्टिकच्या पुनर्वापरवाल्यांनीही तेच कारण सांगितलं. भारतात न्यावी तर पेट्रोलचा वास असलेली वस्तू विमानात चालत नाही. कढीपत्ता लावायची योजना सूनबाईने फेटाळली, कारण आमटीला अनलेडेड वास तिला नको होता.

शेवटी शेजारचे आजोबा पहिल्यांदाच गॅरेजच्या आत आले. त्यांच्या तळघरात हीच गाडी याच काळातली उभी आहे. ती ते चालवत नाहीत, नुसती पुसतात. तिला पेट्रोल लागतच नाही. त्यांना हवी होती मूळ टाकी, मूळ रंगाची, मूळ फुगलेल्या स्टिकरांसकट. चीर असली तर उत्तमच, म्हणजे ती खरोखर जुनी आहे हे पाहुण्यांना पटतं. त्यांनी वीस डॉलर देऊ केले. मुलगा ‘फुकट न्या हो’ म्हणणार एवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला आणि चाळीस सांगितले. ते पंचवीसवर आले. मी पस्तीसवर उतरलो आणि स्टिकरवरचे फोड एकेक करून त्यांना दाखवायला सुरुवात केली.